ह्यांची निवृत्ती आणि माझी दुपार

वर्षभर घरात काही घडत नाही म्हणून आपण कुरकुरतो, आणि मग एखादा महिना असा उगवतो की सगळी कार्यं एकदम दाराशी येऊन उभी राहतात. आमच्या घरी २०२५ सालचा मे महिना असाच आला. सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन, आमच्या लग्नाचा तेहेतिसावा वाढदिवस, लेकीचं पहिलं बाळंतपण, पाठोपाठ बारसं आणि महिन्याच्या अखेरीला ह्यांची सेवानिवृत्ती! स्वयंपाकघराच्या दारामागच्या कॅलेंडरवर मी लाल पेन्सिलीनं गोल करत गेले, आणि एप्रिल संपता संपता पाहते तो मे महिन्याच्या पानाला गोवर आल्यासारखं दिसत होतं.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "भाग्यवान आहात हो! एवढं सगळं एका महिन्यात!" मी हसले. भाग्य तर खरंच. पण ह्या भाग्याला पुरण किती शिजवावं लागेल, गाद्या कुणाकडून आणाव्या लागतील आणि बाळंतिणीची खोली कोणती, हा हिशेब मनात चालूच होता. शिवाय एका गोष्टीला मी गोल केला नव्हता. एक जूनपासून हे दिवसभर घरी राहणार होते. त्यांचं काय होणार, ह्याची काळजी सगळे करत होते. माझं काय होणार, हे कुणी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही नाही.

एक जूनची मंडळी

ह्यांची सरकारदरबारी जन्मतारीख १ जून १९६७. राज्य सरकारच्या नोकरीत अठ्ठावन्न पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी माणूस निवृत्त होतो. पण जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा असला तर आदल्याच महिन्याची अखेर धरतात. म्हणून ३१ मे. त्याच दिवशी ह्यांच्या कचेरीतून आणखी तिघेजण निघणार होते, आणि तिघांचीही तारीख एक जूनच! तुमच्या घरात, नात्यात जरा आठवून पाहा. त्या पिढीतली निम्मी माणसं एक जूनची सापडतील. पूर्वी मुलाला शाळेत नेऊन बसवलं की आईबापांना तारीख सांगता यायची नाही. मग गुरुजी शाळा सुरू होण्याच्या हिशेबानं एक जून लिहून मोकळे व्हायचे. त्यांच्या एका फराट्यासरशी माणसाच्या पेन्शनचा दिवस ठरून जायचा.

सासूबाईंना हे मुळीच पटत नाही. त्या म्हणतात, "तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी झालाय हा, फलटणला, माझ्या माहेरी. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा जेमतेम महिन्याचा होता. पहाटेच्या अंधारात दुपट्यात गुंडाळून अंगणात पळाले होते मी. मग एक जून कुठून आला?"

भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ ला. म्हणजे हे नोव्हेंबरातले. पण नोकरीतली जन्मतारीख बदलायची तर अर्ज नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. ह्यांनी तो केला नाही. सासूबाईंनी मे महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, "माझ्या लेकाला सरकारनं साडेपाच महिने आधीच घरी पाठवलं!"

जोडफोटो

सहस्रचंद्रासाठी घर झाडायला काढलं तेव्हा कपाटातल्या कागदांत एक पाकीट सापडलं. त्यात आमचा दोघांचा फोटो होता. पेन्शनच्या कागदांना पतिपत्नीचा जोडफोटो लावावा लागतो, म्हणून हिवाळ्यात आम्ही राजवाड्याजवळच्या स्टुडिओत जाऊन तो काढून आलो होतो. फोटोवाला म्हणाला होता, "वहिनी, जरा जवळ सरका. सरकारी फोटो आहे, पण रागावल्यासारखा नको." लग्नानंतर आमचे फोटो पुष्कळ निघाले, पण प्रत्येकात कडेवर नाहीतर मांडीवर कुणीतरी मूल आहे, मागे कुणाचं तरी लग्न आहे. नुसते दोघं असे आम्ही तेहेतीस वर्षांनी फोटोत आलो, तेही सरकारनं सांगितलं म्हणून.

त्याच पाकिटात इतर कागद होते. मी सहज चाळायला बसले आणि तासभर उठलेच नाही. ह्यांच्या बँकेतल्या बचत खात्यावर वारस म्हणून सासूबाईंचं नाव होतं. खातं नोकरी लागली तेव्हा, १९९० साली, उघडलेलं. आमचं लग्न १९९२ चं. मधल्या काळात घर झालं, दोन मुलं शिकली, त्यांची लग्नं झाली, पण ते नाव बदलायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ह्यांना दाखवलं तर म्हणाले, "अगं, राहूनच गेलं बघ." दुष्टपणा कुणाचाच नव्हता. पण त्या एका "राहून गेलं" पायी एखाद्या बाईवर पुढे किती खेटे घालायची वेळ येते, हे आपण आजूबाजूला पाहतोच. दुसऱ्याच दिवशी बँकेत जाऊन फॉर्म भरला. पाच मिनिटांचं काम.

हजार चंद्र

सासूबाईंचा जन्म १९४४ सालचा. पालखी फलटणला मुक्कामाला होती त्या दिवशीचा. ही तारीख मात्र पक्की, कारण वारकऱ्यांच्या पंगतीत त्यांच्या आईला कळा सुरू झाल्या ही गोष्ट सगळ्या फलटणला ठाऊक होती म्हणे. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस जातात. अशा हजार पौर्णिमा व्हायला ऐंशी वर्षं आणि साधारण दहा महिने लागतात. सासूबाईंचे हजार चंद्र चैत्रातच मोजून झाले होते. पण सगळ्यांना सुट्ट्या म्हणून आम्ही कार्यक्रम ११ मेच्या रविवारी ठेवला.

सकाळी होमहवन झालं. संध्याकाळी लेकी-सुना-नातवंडांनी कणकेच्या एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं. लेक नववा महिना भरत आलेली, ती खुर्चीवर बसूनच तबक फिरवत होती. वन्सं पैठणी घेऊन आल्या होत्या. सासूबाईंनी ती मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "छान आहे. पण आता मला गच्चीवर न्या. हजार झाले म्हणता, तर एक तरी नीट बसून बघू दे. आजवर चंद्र पाहिला तो संकष्टीला, पोटात भूक घेऊन."

दोघा नातवंडांनी धरून त्यांना वर नेलं. पौर्णिमा दुसऱ्या दिवशी होती, तरी चंद्र भरल्यासारखाच दिसत होता. अजिंक्यताऱ्याच्या अंगाला मधूनमधून ढग येत होते. सासूबाई तासभर बसल्या. बोलल्या काहीच नाहीत.

मी खाली भांडी आवरून वर येत होते, तेव्हा जिन्यात मुलाचा आवाज कानावर आला. तो पुण्याला असतो, भाड्याच्या जागेत. "बाबा, तुमचे पैसे मिळाले की फ्लॅटचं बघू. नाहीतरी बँकेत पडूनच राहणार ना?" आणि हे म्हणाले, "हो हो, बघू की. तुमच्यासाठीच आहे सगळं."

मी तशीच जिन्यात उभी राहिले. हातात तांब्या, त्यातलं पाणी सांडतंय, तरी भान नाही.

चार डब्यांचा हिशेब

तुम्ही म्हणाल, मुलालाच द्यायचे, त्यात एवढं काय? मलाही आधी तसंच वाटलं. रात्री झोप येईना. उठून किराण्याची वही काढली आणि ह्यांना जागं केलं. "अहो, तुम्हांला मिळणार तरी काय काय, ते मला सांगा." तेहेतीस वर्षांत हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला. पगार हातात यायचा, त्यात घर चालवायचं, एवढंच मला माहीत.

ह्यांनी सांगितलं ते मी साध्या शब्दांत लिहून घेतलं. पेन्शन म्हणजे शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी, त्यावर महागाई. ही जुनी पेन्शन १ नोव्हेंबर २००५ च्या आधी नोकरीला लागलेल्यांची; नंतरच्यांचं गणित वेगळं आहे. एकरकमी मिळणार ते तीन ठिकाणचं: ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी आणि शिल्लक रजेचा पगार. शिवाय पेन्शनचा जास्तीत जास्त चाळीस टक्के भाग विकता येतो. त्याची रक्कम एकदम हातात येते, पण पुढची पंधरा वर्षं महिन्याची पेन्शन तेवढी कमी मिळते.

मी विचारलं, "आणि तुमच्या मागे मला?" हे गप्प झाले. मग म्हणाले, "कुटुंब निवृत्तिवेतन. सुरुवातीची काही वर्षं जरा बरं असतं, पुढे मूळ पगाराच्या तीस टक्के." असा प्रश्न विचारताना जीभ अडखळते, अशुभ वाटतं, हे मी जाणते. पण मैत्रिणींनो, आपल्याकडे हा प्रश्न न विचारल्यामुळेच जास्त अशुभ घडतं.

त्या रात्री मी वहीत चार डबे काढले. डाळ, तांदूळ, गहू, साखर वेगवेगळे ठेवतो, तसे. पहिला डबा अडीनडीचा: दुखणंखुपणं, घराची गळती. हा बँकेत, हाताशी. दुसरा डबा महिन्याच्या खर्चाला हातभार लावणारा, सगळ्यांत मोठा. तो पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आणि मासिक प्राप्ती योजनेत. ज्येष्ठांची योजना साठीनंतरची. पण पंचावन्न ते साठच्या दरम्यान निवृत्त झालेल्यांना पैसे हातात पडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडता येतं. ती मुदत चुकवायची नाही. पाच वर्षांची मुदत, व्याज दर तीन महिन्यांनी, कमाल तीस लाख. २०२५ साली व्याज ८.२ टक्के होतं. मासिक योजनेत एकाच्या नावावर नऊ लाख, दोघांच्या नावावर पंधरा लाख ठेवता येतात. तिसरा डबा मुलांचा, दोघांनाही सारखा. आणि चौथा डबा सगळ्यांत लहान, माझ्या एकटीच्या नावाचा. हे म्हणाले, "तुला कशाला वेगळा?" मी म्हटलं, "वेगळा कशाला ते मलाही अजून माहीत नाही. पण असू दे."

दुसऱ्या दिवशी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "आई, तुला काय कळतंय त्यातलं?" बोललं ते लागलं. पण मी वही पुढे केली. "हे बघ, बाबांची पेन्शन इतकी, आजीची औषधं इतकी, गॅस, वीज, किराणा इतका. तुझ्या फ्लॅटला सगळं दिलं तर पुढच्या दुखण्याला आम्ही तुझ्याकडे हात पसरणार. तुला तेव्हा हप्ते असणार. त्यापेक्षा आत्ताच जेवढं झेपेल तेवढं घे." तो दोन दिवस फुगून बसला. सूनबाई मात्र रात्री ओट्याशी उभी राहून हळूच म्हणाली, "आई, तुमचं बरोबर आहे. माझ्या आईबाबांनी होतं नव्हतं ते दादाला दिलं. आता आई औषधाची चिठ्ठी दाखवायलासुद्धा लाजते."

पुढे महिनाभरानं मुलगा आपणहून म्हणाला, "तिसऱ्या डब्यातलं चालेल मला. फ्लॅट जरा लहान घेऊ." तोवर माझ्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता, हेही सांगून टाकते. मुलाला नाही म्हणणं कुठल्याही आईला सोपं नसतं.

चीक, कैऱ्या आणि पाळणा

त्या वर्षी पावसानं सगळ्यांचीच फजिती केली. मोसमी पाऊस एरवी ११ जूनच्या सुमारास मुंबईत येतो, तो २६ मेलाच हजर झाला. आणि त्याच्याही आधी वळवानं झोडपून काढलं होतं. मी कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, वाटून चीक शिजवला, आणि गच्चीवर पहिली ओळ घालते तो टपोरे थेंब सुरू! मग काय, उरलेला चीक दूध-गूळ घालून सगळ्यांनी वाडगे भरभरून खाल्ला. लोणच्याच्या कैऱ्याही भिजलेल्याच मिळाल्या. अशा वेळी घाई करू नये. कैऱ्या पुसून रात्रभर पंख्याखाली पसराव्यात, फोडी केल्यावर मीठ-हळद लावून सुटलेलं पाणी वेगळं काढावं, आणि मगच मसाल्याला हात घालावा. माझं लोणचं टिकलं.

१६ मेला लेकीला मुलगी झाली. १८ तारखेला आमच्या लग्नाचा वाढदिवस. तो आम्ही दवाखान्याच्या बाकावर कागदी पेल्यातला चहा पिऊन साजरा केला. हे म्हणाले, "आज तुला कुठे तरी जेवायला न्यायचं ठरवलं होतं." मी म्हटलं, "आजीला घेऊन कुठे हिंडता?" आणि दोघंही हसलो. मग घरी डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेपा, शेकशेगडी ह्यांचा राबता सुरू झाला.

२७ मेला बारसं झालं. बाहेर धो धो पाऊस. निम्म्या बायका भिजून आल्या, त्यांना आधी टॉवेल आणि मग घुगऱ्या दिल्या. पणजीनं पणतीला मांडीवर घेतलं. एक हजार चंद्र पाहिलेली आणि दुसरी अजून एकही न पाहिलेली. सासूबाई तिच्या कानाशी पुटपुटल्या, "हिची तारीख मात्र नीट लिहून ठेवा रे!"

ह्याच गडबडीत एक चांगलं काम उरकलं. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, घरचं उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेतून वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली आहे. सासूबाईंचं ते कार्ड आधार कार्डावरून काढून घेतलं. तुमच्याही घरी सत्तरीपुढचं माणूस असेल तर दुखणं येण्याची वाट पाहू नका.

शाल, श्रीफळ आणि सोमवार

३१ मे शनिवारी आला. सरकारी कचेऱ्यांना शनिवारची सुट्टी, म्हणून निरोपसमारंभ शुक्रवारी, तीस तारखेला झाला. बायकोलाही बोलावलं होतं. कंदी पेढे, हार, शाल, श्रीफळ, भाषणं. एक साहेब म्हणाले, "वहिनींनी घर सांभाळलं म्हणूनच ह्यांना पस्तीस वर्षं निर्वेधपणे नोकरी करता आली." टाळ्या पडल्या. मलाही खणानारळाची ओटी मिळाली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण रिक्षातून घरी येताना मनात आलं, ह्यांच्या कामाला आज पूर्णविराम मिळाला. माझ्या कामाचे नुसते आभार मिळाले.

आणि मग उजाडला सोमवार, २ जून. पाहुणे पांगले होते. सकाळी दहाला हे नेहमीप्रमाणे आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले आणि खुर्चीवर बसले. साडेदहाला चहा मागितला. साडेअकराला पुन्हा. बाराला स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "अगं, ह्या डब्यांना नावं का नाहीत? मी चिठ्ठ्या लावून देतो." जेवण झाल्यावर पेपर मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. तीन वाजता विचारलं, "तू आत्ता काय करतेस?"

मी काय करत होते? दुपारी एक ते चार ही माझी वेळ. कचेरी, शाळा, कॉलेज ह्यांना सगळ्यांना वाटेला लावलं की घर माझं व्हायचं. सासूबाई आत पडलेल्या असत. मी नगरवाचनालयातलं पुस्तक घेऊन खिडकीपाशी आडवी व्हायची. कधी भरतकाम, कधी नुसतीच डोळे मिटून. तेहेतीस वर्षांत मला पगार नव्हता, रजा नव्हती. ही तीन तासांची दुपार होती. लेक बाळंतपणाला आल्यापासून तीही गेली होती, पण ते महिन्या-दोन महिन्यांचं. आता मात्र ती कायमचीच गेली, असं त्या सोमवारी मला वाटलं. आठवडाभर मी भांडी जरा जास्तच आपटत होते.

एके दिवशी सासूबाईंनी मला जवळ बसवलं. म्हणाल्या, "तुझे मामंजी रिटायर झाले तेव्हा माझंही असंच झालं होतं. दुपारी शेजारणींबरोबर ओट्यावर बसायचे मी, वाती वळत, गप्पा मारत. ते घरी बसायला लागले आणि 'कुठे गेलीस, पाणी दे' सुरू झालं. ओटा सुटला तो सुटलाच. बारा वर्षं गेली त्यात. माणूस वाईट नव्हतं गं. त्यांना कळलंच नाही, आणि मी सांगितलंच नाही. तू सांग."

मला कमाल वाटली. ज्या बाईपुढे मी ह्यांच्याबद्दल कधी ब्र काढला नव्हता, तीच माझ्या बाजूनं बोलत होती.

वाटणी

रात्री मी ह्यांना सांगितलं. भांडून नाही, रडून नाही. म्हटलं, "तुम्ही निवृत्त झालात त्याचा मला आनंद आहे. पण निवृत्ती घरात आली आहे तर ती दोघांत वाटून घेऊ. मला अख्खी नको. एक ते चार मला कुणी हाक मारायची नाही. आणि सकाळचा चहा तुमच्याकडे."

हे जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मला वाटत होतं, मी घरी आहे तर तुला सोबत होईल." त्यांचंही खरंच होतं. पस्तीस वर्षं ज्या टेबलाशी बसले ते टेबल गेलं. चहा आणणारा शिपाई गेला, 'साहेब' म्हणणारी माणसं गेली. माझ्यामागे फिरत होते ते हुकूम सोडायला नाही, जागा शोधायला, हे मला तेव्हा उमगलं.

मग किराण्याच्या वहीतच वाटणी लिहिली. सकाळचा चहा, दूध, भाजी, वाणसामान, बँक आणि पोस्ट ह्यांच्याकडे. सासूबाईंची औषधं आणि रक्तदाब तपासायला नेणं ह्यांच्याकडे. स्वयंपाक माझा, पण रविवारी रात्री खिचडी ह्यांची. गुरुवारी मी भिशीला किंवा वाचनालयात जाणार. त्या दिवशी दुपारचा चहा घरात ज्याचा त्यानं करायचा. दुपारी हे वाचनालयाच्या वर्तमानपत्रांच्या खोलीत जाऊ लागले. तिथे एक जूनची आणखी दोघं भेटली.

सगळं गोड झालं असं नाही. पहिला चहा इतका कडक की सासूबाईंनी विचारलं, "काढा कुणाला बरं नाही म्हणून केलाय?" भाजीवाल्याकडून हे तीन किलो वांगी घेऊन आले, स्वस्त होती म्हणून. डब्यांवरच्या चिठ्ठ्या अजून आहेत. 'मोहरी' लिहिलेल्या डब्यात मी मुद्दाम जिरं ठेवलं आहे. आणि एक ते चारच्या मध्ये कधीतरी दार हळूच उघडून "झोपलीस का गं?" असं विचारणं महिना-दोन महिने चालूच होतं. मी उत्तर देत नसे. हळूहळू बंद झालं.

नोव्हेंबर उजाडला. पेन्शनवाल्यांना दर वर्षी ह्या महिन्यात हयातीचा दाखला द्यावा लागतो. ह्यांचा पहिला दाखला देऊन झाला. आणि तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं एस.टी.नं फलटणला गेलो, ह्यांचा खरा वाढदिवस करायला. पंचाहत्तरीच्या पुढचे म्हणून सासूबाईंचा प्रवास मोफत. बायकांना अर्धं तिकीट म्हणून माझं अर्धं. आणि पासष्ट व्हायला अजून सात वर्षं, म्हणून ह्यांचं पूर्ण!

"निवृत्त मी झालोय, आणि सवलत तुम्हांला!" हे म्हणाले. कंडक्टरसुद्धा हसला.

सासूबाईंनी माहेरच्या अंगणातली जागा दाखवली, भूकंपाच्या पहाटे बाळाला घेऊन उभ्या होत्या ती. हे तिथे जरा वेळ उभे राहिले. परत आल्यावर मी तो जोडफोटो चौकट करून आणला आणि ह्यांना लावायला सांगितला. कुठे लावू, म्हणाले. मी म्हटलं, माझ्या खिडकीपाशी. पण एक वाजायच्या आत लावा.

मैत्रिणींनो, तुमच्या घरच्या कॅलेंडरवर हा लाल गोल अजून लांब असेल, नाहीतर पुढच्याच महिन्यात असेल. शाल-श्रीफळाची तयारी करणारे पुष्कळ असतात. आपण दोन गोष्टी आधी कराव्यात. कागदांच्या पाकिटात आपलं नाव कुठे आहे ते पाहावं, आणि आपली दुपार कोणती ते घरात सांगून ठेवावं. सांगितल्याशिवाय कळत नाही. मामंजींना नव्हतं कळलं, आमच्या ह्यांनाही नव्हतं. सांगितल्यावर कळलं.